हा फोटो कोणी काढला?

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या दक्षिणेला, नागपूर–हैदराबाद महामार्गावर वडनेर हे गाव आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात चांद्रयान-३ पृथ्वीभोवती फेऱ्या मारत होते, तेव्हा विज्ञानाच्या एका लहानशा शिबिरासाठी आम्ही तेथे गेलो होतो. व्हरांड्याच्या भिंतीवर मुलांनी वर्तमानपत्रांतून कापलेली आणि मोबाइलवरून छापून घेतलेली यानाची चित्रे चिकटवली होती. मागे निळी गोल पृथ्वी, पुढे सोन्यासारखे झळाळणारे यान, त्याच्या शेपटाशी नारिंगी ज्वाळा आणि सगळीकडे ताऱ्यांचा सडा. चित्रे पाहता पाहता आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, यान तं एकटंच गेलं. मंग हा फोटू कोनं काढला जी?"

आम्ही सांगितले की हा फोटो नाही, संगणकाने तयार केलेले चित्र आहे. त्यावर मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "म्हणजे खोटाच!"

मुलीच्या प्रश्नाने आम्हाला आनंद झाला. मागच्या रांगेतल्या उत्तराने मात्र आम्ही अस्वस्थ झालो. 'फोटो आहे' आणि 'खोटे आहे' या दोनच कप्प्यांत मुले चित्रे टाकत होती. मुलेच कशाला, अनेक शिक्षकही तेच करतात. तिसरा कप्पा असू शकतो, म्हणजे चित्र तयार केलेले असूनही खरे असू शकते, हे कोणी त्यांना सांगितलेले नव्हते. त्यानंतर आम्ही अशी चित्रे जमवू लागलो. वर्तमानपत्रे, मार्गदर्शके, भित्तिचित्रे, दूरचित्रवाणीवरील बातम्या, मिळेल तेथून. या लेखात त्या चित्रांचीच समीक्षा करायची आहे. नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा होते, तशी विज्ञानाच्या चित्रांची का होऊ नये? आपल्या विद्यार्थ्यांनी नाटकांपेक्षा ही चित्रेच जास्त पाहिलेली असतात.

आधी एक जुनी आठवण. १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट उपग्रह अवकाशात गेला आणि पुढे दोन रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस त्याचे चित्र आले. ती नोट आपल्यापैकी अनेकांनी हाताळली आहे. त्या बारीक रेघांच्या चित्राला कोणी कधी फोटो समजले नाही आणि खोटेही म्हटले नाही. ते चित्र आहे हे दिसतच होते. अडचण सुरू झाली ती संगणकाचे चित्र फोटोसारखे दिसू लागल्यापासून. फोटोसारखे दिसणे म्हणजे वस्तुस्थितीला धरून असणे नव्हे. आमच्या संग्रहातली सर्वांत गुळगुळीत, सर्वांत 'जिवंत' चित्रे भौतिकशास्त्राच्या परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळवतात.

संगणक चित्र काढतो म्हणजे काय करतो, हे थोडक्यात पाहू. यानाचा आकार, पृथ्वीचा गोल, सूर्याची दिशा आणि कॅमेऱ्याची जागा हे सर्व त्याला आकड्यांत द्यावे लागते. मग तो चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी कॅमेऱ्यापासून उलट दिशेने एक किरण सोडतो. हा किरण कशावर आदळतो, तेथे सूर्यप्रकाश किती तिरपा पडतो, मध्ये कशाची सावली येते का, याचा हिशेब करून त्या बिंदूचा रंग ठरतो. तिरप्या प्रकाशाचा नियम आपल्या परिचयाचाच आहे. सकाळी जमीन कमी तापते आणि दुपारी जास्त, त्यामागचाच कोज्येचा नियम. साध्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रासाठी असा हिशेब निदान २० लाख ७३ हजार ६०० वेळा करावा लागतो. संगणक हिशेबात चुकत नाही. चुका होतात त्या माणसाने दिलेल्या आकड्यांत, आणि बऱ्याचदा त्या हौसेने केलेल्या असतात.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक अंतराची. यान पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर, आणि त्याच्यामागे पृथ्वीचा पूर्ण गोल, वर चारही बाजूंना मोकळे आकाश, असे चित्र आम्हाला कितीतरी ठिकाणी मिळाले. हे कसे अशक्य आहे ते शाळेतल्या पृथ्वीगोलावरच दाखवता येते. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर. ४०० किलोमीटर उंचीवरचे यान गोलापासून एक सेंटिमीटरसुद्धा दूर नाही! विद्यार्थ्याला गोलाला जवळजवळ नाक लावून बघायला सांगा. त्याला गोल दिसणार नाही, समोर एक प्रचंड भिंत दिसेल. त्या उंचीवरून पृथ्वी सुमारे १४० अंशांचा कोन व्यापते. क्षितिज २,३०० किलोमीटर दूर असते. नेहमीच्या कॅमेऱ्याचा दृष्टिकोन ६० अंश धरला, तर पूर्ण पृथ्वी त्यात मावण्यासाठी सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येएवढे वर जावे लागेल. उलट भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आपल्या गोलाच्या मापात ते ८४ सेंटिमीटर होतात. तेथून पृथ्वी सतरा अंशांहून थोडी मोठी दिसते, म्हणून त्याच्यामागे पूर्ण गोल दाखवणे बरोबर. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधील 'अवकाश मोहिमा' या पाठात निम्न, मध्यम आणि उच्च कक्षांच्या उंची दिलेल्या आहेत. त्या आकड्यांवरून प्रत्येक कक्षेतून पृथ्वी केवढी दिसेल, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. चित्र बघण्याची नजर त्यातूनच तयार होते.

चांद्रयानाच्या चित्रांत या चुकीला आणखी एक जोड मिळाली होती. यानाची कक्षा लंबवर्तुळाकार होती. पहिल्या कक्षाबदलानंतर ती ४१,७६२ गुणिले १७३ किलोमीटर झाली. पुढे प्रत्येक वेळी इंजिन पेटवून ती ताणत नेली आणि १ ऑगस्टला यान चंद्राकडे निघाले. दूरचे टोक आणखी दूर न्यायचे असेल, तर इंजिन जवळच्या टोकाला, यानाचा वेग सर्वाधिक असताना पेटवायचे असते. म्हणजे इंजिन पेटलेले असताना यान पृथ्वीच्या अगदी जवळ होते आणि पृथ्वीने निम्म्याच्या आसपास आकाश झाकलेले होते. आमच्या संग्रहातल्या चित्रांत मात्र इंजिन पेटलेले आणि पृथ्वी दूर, लिंबाएवढी! त्याहून वाईट म्हणजे इंजिनाचे तोंड पृथ्वीकडे. पृथ्वीपासून दूर जायचे म्हणून पृथ्वीकडे ज्वाळा सोडायच्या, असा चित्रकाराचा सरळ विचार. प्रत्यक्षात तोंड प्रवासाच्या उलट दिशेला, म्हणजे साधारणपणे क्षितिजाला समांतर हवे. यान वर ढकलायचे नसते, त्याचा वेग वाढवायचा असतो. हे चित्र ज्याच्या मनात बसले, त्याला क्रांतिक वेगाचे सूत्र पाठ होईल, पण कळणार नाही. आणि ती नारिंगी ज्वाळा? निर्वातात इंजिनाचे वायू क्षणात पसरून विरळ होतात आणि अशा इंधनांची ज्योत जवळजवळ पारदर्शक असते. चुलीतल्या जाळासारखी ज्वाळा दाखवायची गरज नाही.

वातावरण आणि ढग यांचीही तीच गत. आपल्या ३० सेंटिमीटरच्या गोलावर शंभर किलोमीटरचे वातावरण फक्त अडीच मिलिमीटरचे, आणि पंधरा किलोमीटर उंचीचे वळवाचे ढग मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. चित्रांत मात्र ढगांचा थर पृथ्वीपासून सुटून तरंगताना दिसतो. अशा एका चित्रात आम्ही मोजपट्टी लावली, तर ढगांची उंची साठ किलोमीटरच्या पुढे गेली. चित्र सुंदर होते, हे मान्य केले पाहिजे.

आता प्रकाश. अवकाशात एकच दिवा आहे असे आपण म्हणतो, पण पृथ्वीजवळ दोन असतात. एक सूर्य, दुसरी पृथ्वी. पृथ्वी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ३० टक्के परत फेकते. यान दिवसाच्या बाजूवर कमी उंचीवर असेल, तर त्याच्या खालच्या बाजूला सूर्यप्रकाशाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढा प्रकाश खालून मिळतो. तो पसरट आणि निळसर पांढरा असतो. म्हणून खालची बाजू काळीकुट्ट दाखवणे चूक, आणि फोटो स्टुडिओत चारी बाजूंनी दिवे लावल्यासारखे यान लख्ख दाखवणे तर त्याहून चूक. रात्रीच्या बाजूला गेल्यावर हा दुसरा दिवा विझतो. सावल्यांविषयीही असेच. सूर्य बिंदू नाही, तो अर्ध्या अंशाचा गोल आहे, म्हणून सावलीची कड एक मीटर अंतरावर सुमारे नऊ मिलिमीटर पसरते. हे शाळेच्या अंगणात खडूच्या सावलीवर तपासता येते. यानाच्या पंखांच्या सावलीची कडही तशीच, जवळ धारदार आणि दूर किंचित मऊ असायला हवी.

सोनेरी रंगाबद्दल थोडे. मुलांना वाटते यानाला सोन्याचा पत्रा मढवलेला असतो. बहुतेक वेळा ती पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याची अनेक थरांची गोधडी असते, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. तो चकाकतो, आणि पुढचा पिवळा पडदा त्याला सोन्याचा रंग देतो. ही गोधडी उष्णता अडवण्यासाठी सैल घातलेली असते, म्हणून ती चुरगळलेली दिसते. संगणकचित्रात सराफाच्या दुकानातल्यासारखे गुळगुळीत सोने दिसले की समजावे, चित्रकाराने यान पाहिलेले नाही.

आता ताऱ्यांकडे येऊ. आमचा खरा आक्षेप येथे आहे, म्हणून थोडे थांबतो. उन्हातले पांढरे यान टिपण्यासाठी कॅमेऱ्याचे झाकण क्षणाच्या अगदी लहान अंशाएवढेच उघडावे लागते, भर दुपारी रस्त्याचा फोटो काढताना उघडतो तेवढेच. तारे टिपायला ते काही सेकंद उघडे ठेवावे लागते. म्हणजे एकाच फोटोत उन्हातले यान आणि आकाशगंगा दोन्ही येणे शक्य नाही. रात्री मैदानात मोठे दिवे लावून क्रिकेटचा सामना चालतो, त्याच्या छायाचित्रात कधी तारे पाहिलेत का? संगणकाला मात्र ही अडचण नाही. 'तारे घाल' म्हटले की तो घालतो. एखादा वाचक म्हणेल, शोभेला थोडे तारे घातले तर बिघडले कुठे? बिघडते असे.

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा वडनेरला गेलो. जमवलेली चित्रे टेबलावर पसरली आणि मुलांना सांगितले, खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली एकीकडे, संगणकाने केलेली दुसरीकडे. त्यात दोन फोटो आम्ही मुद्दाम मिसळले होते. एक, इटलीचे अंतराळवीर पाओलो नेस्पोली यांनी २३ मे २०११ रोजी सोयुझ यानातून परत येताना काढलेला. त्यात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आणि त्याला जोडलेले एंडेव्हर हे यान एकत्र दिसते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचे इतके चांगले खरे फोटो फार थोडे आहेत. दुसरा आपल्या स्पेडेक्स प्रयोगातला. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेले दोन छोटे उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. त्याआधी जवळ येताना त्यांनी एकमेकांचे फोटो पाठवले होते. 'यान एकटंच गेलं, मंग फोटू कोनं काढला' या प्रश्नाला भारतीय उपग्रहांनी दिलेले हे उत्तरच!

मुलांनी ते दोन्ही फोटो 'खोटे' या ढिगात टाकले. कारणे विचारली, तर ती तयार होती. तारे नाहीत. रंग फिके आहेत. दुसऱ्या फोटोत नीट काही दिसतच नाही. आणि 'खऱ्या' ढिगात सर्वांत वर काय होते? सोनेरी यान, नारिंगी ज्वाळा, आकाशगंगा.

शोभेच्या ताऱ्यांनी काय बिघडते ते हे. चुकीच्या चित्रांवर वाढलेली नजर खऱ्या फोटोलाच नापास करते. चंद्रावर माणूस गेलाच नाही असे सांगणारे लोक पहिला पुरावा म्हणून ताऱ्यांविना काळे आकाशच पुढे करतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

याचा अर्थ संगणकचित्रे बंद करावीत असा नाही. १९७९ साली व्हॉयेजर याने गुरूजवळ पोचली. तेव्हा अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत जिम ब्लिन यांनी त्या भेटीचे संगणकचित्रपट तयार केले होते. यानाचा मार्ग त्यांनी गणिताने काढला होता. तो मार्ग कोणत्याही कॅमेऱ्याला बाहेरून दिसू शकत नव्हता. ही चित्रे तयार केलेली होती आणि खरीही होती. नासाची 'ब्लू मार्बल' या नावाची २००२ ची पृथ्वी आज लाखो संगणकचित्रांत पार्श्वभूमीला दिसते. ती एक फोटो नाही. उपग्रहाने पट्ट्यापट्ट्यांनी अनेक दिवस टिपलेल्या निरीक्षणांची ती जोडणी आहे. १९७२ च्या अपोलो-१७ मधला त्याच नावाचा फोटो मात्र खरोखर एका क्षणाचा आहे. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांत फरक आहे, आणि तो खाली लिहिलेला असावा.

नाही लिहिला तर काय होते, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अवकाशातल्या कचऱ्याची चित्रे. पृथ्वीभोवती पांढऱ्या ठिपक्यांचे मोहोळ दाखवणारी ही चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. युरोपीय अवकाश संस्था आपल्या अशा चित्रांसोबत स्पष्ट सांगते की वस्तूंचा आकार पृथ्वीच्या मानाने फुगवलेला आहे. पुढे छापताना ही ओळ गळते. पानावर पृथ्वी वीस सेंटिमीटरची असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका ३२ किलोमीटरचा होतो, म्हणजे सरळ रेषेत वर्धा ते हिंगणघाट! २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेलेले वडनेरच्या मुलांनीही पाहिले होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी येथे त्यांतले एक कडे पडले. ते सुमारे तीन मीटरचे होते. चित्रातला ठिपका आणि ते कडे यांत दहा हजार पटींचा फरक आहे.

संपादकांकडे आमचे मागणे लहान आहे. चित्राखाली एक ओळ असावी. संगणकचित्र की छायाचित्र, कितीही फुगवलेले असेल तर ते, आणि शक्य असल्यास उंची. शिक्षकांना मात्र आम्ही थोडे जास्त काम सुचवू. मुलांकडून असे चित्र करून घ्यावे. ब्लेंडर नावाची फुकट मिळणारी प्रणाली शाळेतल्या साध्या संगणकावरही सावकाश का होईना चालते.

२०२३ मध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी आमच्या दुसऱ्या भेटीच्या वेळी दहावीत होती. तिने 'स्वयं'चे चित्र करायला घेतले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला हा सुमारे एक किलोचा, दहा सेंटिमीटरचा ठोकळा २२ जून २०१६ रोजी ५०५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्याचा कक्षेतला फोटो कोणी काढलेला नाही, म्हणजे चित्र संगणकानेच करायला हवे. अडचणी पहिल्या तासातच सुरू झाल्या. अवकाशात धूसरपणा नसतो, त्यामुळे दूरचे-जवळचे कळत नाही, आणि दहा सेंटिमीटरचा ठोकळा कपाटाएवढा दिसू लागला. मग 'स्वयं' चुंबकाच्या साहाय्याने पृथ्वीच्या चुंबकीय रेषांप्रमाणे आपली दिशा ठेवतो असे वाचल्यावर तिने एक बाजू कायम पृथ्वीकडे ठेवायचे सोडून दिले. ध्रुवांवरून जाणाऱ्या प्रत्येक फेरीत तो कोलांट्या घेणार, हे तिने वहीत रेषा काढून ठरवले. पृथ्वीसाठी ब्लू मार्बलची महिन्यागणिक वेगळी असलेली २००४ ची चित्रे घेतली. मे महिन्याचे घेतले तर विदर्भ तपकिरी, सप्टेंबरचे घेतले तर हिरवा. तिने मे घेतला, कारण पावसाळ्यात वर ढग असतील आणि गाव दिसणार नाही. तसेही ५०० मीटरच्या एका बिंदूत वडनेर दोन-चार ठिपक्यांपेक्षा जास्त येत नाही.

तारे तिने घातले नाहीत. मैत्रिणी म्हणाल्या, "यात तं काहीच मजा नाही." तिने चित्राखाली लिहिले: संगणकचित्र, उंची ५०५ किमी, ठोकळ्याची बाजू १० सेंमी, वेळ सकाळची. मग तिच्याच लक्षात आले की ठोकळ्याची खालची बाजू काळी राहिली आहे, पृथ्वीचा दिवा लावायचा राहून गेला. तो लावला आणि संगणक रात्रभर चालू ठेवला. पहाटे वीज गेली. चित्राचा वरचा अर्धाच भाग तयार झालेला होता, तो तिने छापून भिंतीवर लावला, आणि चित्राखालच्या ओळीत 'अर्धे' एवढा शब्द वाढवला.